ठिणगी पाडणारी सुरी

कात्री धारेला दिली होती, म्हणून बुधवार पेठेतल्या दादामियाँच्या दुकानात बाकावर बसलो होतो. तिथे दिवसाही ट्यूब लावावी लागते. काउंटरपाशी एक म्हातारं जोडपं सुरी बघत होतं.

"घडीची देऊ? खिशात मावते."

"घडीची नको, दादामियाँ. बिजागरीत माती गेली की संपली. मुठीच्या टोकापर्यंत अख्खं पातं असलेली दाखवा."

"ही घ्या. स्टेनलेस आहे, गंजायची नाही. ट्रेकवाली पोरं हीच नेतात."

"थांबा, गारगोटी मारून बघतो."

"अहो, दगड घेऊन आलात तुम्ही?"

"आपल्या नाल्यातला आहे, वेणू. गाव उठवलं तेव्हा आणला होता. हे बघ, हिच्या पाठीवर ठिणगीच पडत नाही."

"मग ही साध्या पोलादाची बघा. पण हिला रोज तेल लावावं लागेल, साहेब."

"लावीन की."

"आणि जाणार कुठल्या जंगलात?"

"कुठे जाताहेत! वारज्यात सातव्या मजल्यावर राहतो आम्ही, मुलाकडे. आमच्या गावात आता वाघ राहतात, आम्हाला गेटवरूनच परत पाठवतात. घरात शेगडीसुद्धा बटणाची आहे. यांना ठिणगी कशाला हवी, ते विचारा की!"

"पडली! वेणू, पाहिलीस?"

"पडली खरी, साहेब. बांधून देऊ?"

"थांबा, भाऊ. आधी ती ट्यूब बंद करा. आणि अहो, पुन्हा पाडा."