शंतनूच्या गेमचं संगीत

—नाही नाही, आत नको जाऊस मधुरा, इथेच बस, बाहेरच्या खोलीत. तो खेळतोय. मधेच कुणी गेलं ना की बिथरतो — म्हणजे बिथरत नाही, माझा भाऊ शांत आहे तसा, पण डॉक्टर म्हणाले जपा, म्हणून जपतो. ‘तू’ म्हटलेलं चालेल ना? केवढीशी तर आहेस. त्याची बायको घरात नाही, नूपुर ऑफिसला गेलीय. आज तुला बोलावलंय हे ती मला बोलली नाही — म्हणजे बोलली असेल, माझ्याच लक्षात राहिलं नसेल. काय म्हणाली फोनवर? म्युझिक परत बंद पडलं? हो, पडलंय खरं. रविवारी तू लावून दिलंस आणि दोन दिवसांत बंद. आता गेम एवढा जुना, लॅपटॉप नवा, मधे तुझं ते जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं — एम्युलेटर, बरोबर — कुरकुरणारच की. कशाला हात लावत बसायचं? गेम चालतोय ना? चालतोय. होडी पुढे जाते, बेटावरचे दिवे लागतात, पोरगा खूश. पोरगा म्हणजे, पंचेचाळिशीला आलाय, पण मला पोरगाच. आईवडील गेल्यावर मीच वाढवला त्याला, ह्याच घरात. चहा टाकू?

बरं, राहू दे. नाही गं, काय बिघडलंय ते मला कळत नाही असं नाही. त्या दिवशी तू समजावलंस ते सगळं डोक्यात आहे माझ्या. आयुष्यभर विम्याचे क्लेम तपासले मी, समोरचा काय सांगतो ते विसरत नाही. त्या सीडीवर पहिला ट्रॅक नुसता गेमचा, आणि दुसऱ्यापासून पुढे संगीत — साध्या गाण्याच्या सीडीवर असतं तसंच, खरं की नाही? आणि नूपुरने ज्याच्याकडून कॉपी करून घेतली त्या शहाण्याने पहिलाच ट्रॅक उचलला. म्हणून वल्ह्याचा आवाज यायचा, दार करकरायचं, पण संगीत नाही. मग तू मूळ सीडी माळ्यावरून काढायला लावलीस, पुसलीस, अख्खी उतरवून घेतलीस, कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो ते सांगणारी ती छोटी फाइल केलीस. तरी आधी एका आकड्याची गफलत झाली होती, पहिल्या बेटावर दुसऱ्या बेटाचं वाजत होतं — आणि ते कुणी पकडलं? शंतनूने! मान हलवली त्याने, नाही नाही म्हणून. दीड वर्षात पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हणाला. नूपुर रडायला लागली. तूसुद्धा डोळे पुसलेस, मी बघितलं. मी? मी पण खूश झालो. का नाही होणार? सीडी मीच आणली होती त्याला लॅमिंग्टन रोडवरून, तो कॉलेजात असताना. एक जण माऊस धरायचा, एक जण नकाशा काढायचा. जेवण निवून जायचं. गिरगावातली सगळी पोरं गल्लीत क्रिकेट खेळत, हा माझ्याजवळ. कधी कुठे गेला नाही.

वडाळ्याचं नूपुरने सांगितलं तुला? सांगणारच. तिचाच हट्ट होता तो. वडाळ्याला फ्लॅट घेतला, मोठ्या खिडक्या, लिफ्ट, खाली बाग. लोक मला म्हणाले, हेरंब, वडाळा म्हणजे काय परदेश आहे का, टॅक्सीत बसलास की पोचलास. पोचलो असतो गं. पण पाहुणा म्हणून ना? बेल वाजवून? चपला बाहेर काढून? ज्याला मी अंघोळ घातलीय त्याच्याकडे मी डबा घेऊन पाहुण्यासारखं जायचं? मी काही बोललो नाही हं. खोके बांधायला मदत केली उलट. टेम्पो यायचा होता त्या दुपारी, नूपुर तिकडे पुढे गेली होती, आणि हा जुना कॉम्प्युटर काढायच्या आधी शेवटचा म्हणून गेम लावून बसला. मग खोका उचलून खाली निघाला आणि जिन्यावरून पडला. मी घरात नव्हतो. खाली वाण्याकडे गेलो होतो सुतळी आणायला. हॉस्पिटलात हेच सांगितलं, पोलिसांनाही हेच, तुलाही हेच सांगतो. जुना लाकडी जिना आमचा, पायरी सटकते. वर येऊन बघतो तर हा मधल्या वळणावर पडलेला, डोक्यातून रक्त, आणि वर घरात ते तिसऱ्या बेटाचं संगीत चालू — एकसारखं, संपलं की परत पहिल्यापासून. त्याने खोका खाली ठेवला, मागे वळून बघितलं, तेव्हापासून ते डोक्यात बसलंय माझ्या.

काय? नाही, खोका त्याच्या हातात होता. मी कुठे म्हणालो ठेवला म्हणून? ठेवला असेल. मला काय माहीत, मी नव्हतोच.

तुला खरं सांगू, आता कसं सगळं मार्गी लागलंय. नूपुर इथेच राहते, त्याचं सगळं मी करतो. दाढी मी करतो, शर्टाची बटणं मी लावतो, भात मी कालवून देतो. वडाळ्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय. सकाळी दहाला बसतो गेमला, पहिल्या बेटावरचे दिवे लावतो, बंद करतो, परत पहिल्यापासून. बिनसंगीताचा. किती शांत! आणि तू ते लावून दिलंस आणि सोमवारी बघ, पहिलं बेट संपवून दुसऱ्यावर गेला. हसला. नूपुरला नावाने हाक मारली. मंगळवारी तिसऱ्यावर. मी शेजारीच बसलो होतो. संगीत बदललं आणि ह्याचे हात थांबले. माझ्याकडे वळला. असं बघितलं — रोज बघतो तसं नाही, ओळखून बघितलं. आणि स्पष्ट म्हणाला, ‘दादा, सोड.’

बस्स. दोन शब्द. नूपुर अंघोळीला गेली होती, तिला ऐकू गेलं नाही. गेलं नसावं. बाहेर आल्यावर तिने काही विचारलं नाही, नुसती केस पुसत उभी राहिली दारात. आणि आज मला न सांगता तुला बोलावलं.

अगं, त्याचा अर्थ काय घेतेस तू? सोड म्हणजे — काहीही असेल, माऊस सोड असेल. आणि समज, मी धरलाच असेल त्याचा हात, मोठा भाऊ धरणार नाही? थांब म्हणालो, चार दिवस थांब, एवढी काय घाई. तो ओढत होता. दादा सोड, दादा सोड. मग सोडला मी! तोच म्हणाला सोड, म्हणून सोडला. एवढा जोर लावून ओढत असताना सोडलं की काय होतं ते मला का माहीत नव्हतं — मला कसं माहीत असणार? मी ढकललं नाही त्याला. क्लेममध्ये ढकललं आणि सोडलं ह्यात फरक असतो, मधुरा. फार फरक असतो.

बॅग खाली ठेव. ठेव गं, जाशील की. हो, मीच केलं ते म्युझिकचं. मोडतोड नाही केली काही, तुझी फाइल तशीच आहे फोल्डरमध्ये. फक्त सुरू होताना एम्युलेटर जी सीडी उघडतो ना, त्या ओळीतली शेवटची तीन अक्षरं बदलली — तुझ्या त्या छोट्या फाइलचं सीयूई होतं, त्याचं आयएसओ केलं. जुनी कॉपी परत जोडली, पहिल्या ट्रॅकवाली. झालं शांत. तू नूपुरला एवढंच सांगायचंस की सीडीवर चरे आहेत, ट्रॅक गेले, आता काही होणार नाही. तिचा विश्वास आहे तुझ्यावर. तू पण बघतेस ना किती सुखात आहे तो? बरा झाला तर करेल काय? जाईल. पहिला टेम्पो बोलावेल. फोन कशाला काढतेस? ठेव तो. ठेव म्हणतो ना—

थांब.

ऐकतेयस? तू आत गेली नाहीस. तू तर इथेच बसलीयस माझ्यासमोर. मग त्या ओळीत कोणी— छे, त्याला कुठे जमतंय, त्याला आपलं बटण लावता येत नाही गं, मी लावतो — हे पहिल्या बेटाचं असेल. नाही. हे पहिल्याचं नाही, तिसऱ्याचं आहे. आवाज वाढवतोय. मुद्दाम वाढवतोय.

खुर्ची सरकली.

मधुरा, तू जा आता. चप्पल हातात घे हवी तर, जा. दार उघडं ठेव — नाही, लाव, लावून घे — जा म्हटलं ना! ... शंतनू? अरे, उठलास कशाला तू, बस. पाणी हवंय का? मी आणतो, तू बस. ही निघालीच होती, आपण दोघंच आहोत घरात. असं काय बघतोस? अरे, मी कुठे काय सांगितलं तिला, मी नुसतं—