व्हिटलॉकबाईंच्या सूपमधला ओठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या युनियनचे प्रमुख श्री. फेही, प्रमुख पाहुण्या व चित्रपटाच्या निर्मात्या श्रीमती व्हिटलॉक, निवृत्त होणाऱ्या रंगभूषाकार आणि सत्कारमूर्ती मॉरीनबाई कोवालचुक, आणि गोड बटर टार्टच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या हॅमिल्टनकर मित्रांनो,

मी लॉर्न. ओळखलं नाहीत ना? दारावरच्या पहारेकऱ्यानंही ओळखलं नाही. "आमंत्रण कुठंय?" म्हणाला. मी म्हटलं, "अहो, मी भूत!" तो म्हणाला, "भूत वेगळं दिसतं, मी रोज बघतो." शेवटी मॉरीनबाई आतून ओरडल्या, "सोड रे त्याला, तो चेहरा माझा आहे!"

खरंच आहे ते. दीडशे वर्षांपूर्वीची भयकादंबरी आपण आजच्या काळात आणली. गढीच्या जागी बंद पडलेला पोलाद कारखाना आला, घोडागाडीच्या जागी पिकअप. कबरीतून उठणारा मालक तेवढा जुनाच राहिला, आणि त्याला पहाटेपासून माझ्या तोंडावर चिकटवायच्या मॉरीनबाई.

मग व्हिटलॉकबाई आल्या आणि म्हणाल्या, भूत कॉम्प्युटरवर करू. बाई, रागावू नका, म्हणाला होतात. तोवर भुताच्या जागी काठीला टेनिसचा चेंडू लावला आणि नायिकेला सांगितलं, याला घाबरा. काय झालं? ती हसत सुटली. सकाळभर हसली. तरी ठरलं: उद्यापासून चेंडू. चाळीस वर्षं रंगभूषा केलेल्या बाईला शेवटच्या चित्रपटातून चेंडूनं घालवायचं? माझा जीव नुसता जळत होता.

जेवणाच्या तंबूत मॉरीनबाई नेहमीसारख्या मला नळीनं सूप पाजत होत्या. गरम सूपनं माझ्या नकली ओठांचा डिंक सुटतो, म्हणून त्या रोज फुंकून गार करून देत. त्या दिवशी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, फुंकायचं राहिलं.

तेवढ्यात व्हिटलॉकबाई आपली वाटी घेऊन समोर बसल्या. "लॉर्न, वाईट वाटून घेऊ नकोस हं," असं त्या मायेनं म्हणाल्या. मी उत्तर द्यायला पुढे वाकलो आणि माझा खालचा ओठ टपकन त्यांच्या वाटाण्याच्या सूपमध्ये पडला.

आणि बाई किंचाळल्या! अहाहा! तंबू हादरला. मॉरीनबाईंनी शांतपणे चमच्यानं ओठ बाहेर काढला, पुसला आणि म्हणाल्या, "बाई, चेंडू बघून असं किंचाळला असतात का हो?"

माझ्या कॉलरचा माइक चालूच होता. आता गुपित फोडतो. ट्रेलरमधल्या ज्या किंकाळीचं कौतुक चाललंय, ती नायिकेची नाही. व्हिटलॉकबाई, उठू नका, टाळ्या तुमच्यासाठीच आहेत. दुसऱ्या दिवशी चेंडू कुणाच्या तरी कुत्र्याला मिळाला. चेंडू रद्द, भूत मॉरीनबाईंचंच, हे सांगायला बाई स्वतः रंगभूषेच्या खोलीत आल्या होत्या, हेही सांगितलं पाहिजे.

मॉरीनबाई, काल शेवटचा मुखवटा काढताना तुम्ही तेलाचा बोळा फिरवत फिरवत एकदम थांबलात. "असाच असतोस होय रे तू?" म्हणालात. उद्या पहाटे सवयीनं मला जाग येईल, आणि खुर्चीत बसवून "हलू नकोस, गाढवा" म्हणणारं कुणी नसेल. तुमच्याशिवाय मला फार चुकल्याचुकल्यासारखं होणार आहे.

सर्वांचे आभार. काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. एरवी मॉरीनबाईंवर ढकललं असतं, पण आज ओठ माझेच आहेत.