बालिपदरची सुनावणी

सन्माननीय अध्यक्ष महापात्रबाबू, व्यासपीठावरील मान्यवर, कार्यालयातील सहकारी आणि बालिपदरहून होडीने आलेल्या माझ्या बहिणींनो,

एकतीस वर्षं मी लोकांच्या सूचना आणि हरकती लिहून घेतल्या. आज निवृत्तीच्या निरोपात आपण त्याचं कौतुक केलंत, मी आभारी आहे. पण मला एकाच नोंदीबद्दल बोलायचं आहे.

चिलिका सरोवराच्या काठासाठीच्या नियमांचा मसुदा घेऊन आम्ही मार्चमध्ये बालिपदरला गेलो. सातवं कलम होतं, काठावर मासळी वाळवायला बंदी. बायकांनी आम्हाला कुरमुऱ्यांची मुढी दिली, चहा दिला. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?" सगळ्या गप्प.

मी त्याच काठावर वाढले. तिथे दारी आलेल्या पाहुण्याला त्या दिवशी 'नाही' म्हणत नाहीत. नकार दुसऱ्या सकाळी त्याच्या मुक्कामी जाऊन सांगतात. मी साहेबांना हळूच म्हटलं, "उद्यापर्यंत थांबू या." ते म्हणाले, "बेहेरा मॅडम, मुदत आज पाचला संपते. लिहा." मी लिहिलं, हरकत नाही.

सकाळी पन्नास बायका कार्यालयाच्या दारात. पुढे सुकांती जेना. मला ती अपा, म्हणजे ताई, म्हणते.

"अपा, काल तुम्ही पाहुणे होतात. आता लिहून घे. काठावर नाही, तर मासळी काय तुझ्या पंख्याला टांगू?"

"मुदत संपली गं."

"काल का नाही बोललीस? तू तर आमच्यातलीच ना?"

आदल्या दिवशी मी टेबलाच्या पलीकडे, पाहुण्यांत बसले होते आणि चहाही प्याले होते.

वर तीन टिपणं पाठवली. तिन्हींवर शेरा आला, 'नोंद घेतली'. नियम मंजूर झाले. पहिल्याच पानावर छापलं आहे, 'स्थानिकांशी विचारविनिमय करून'. सोमवारपासून ते लागू होतात.

सुकांती इथे पहिल्या रांगेत आहे. मघाशी मला हार घालताना म्हणाली, "आता मोकळी झालीस, आता तरी काही कर." सुकांती, कालपर्यंत माझी सही चालत होती, तेव्हा काही झालं नाही. आता तर तीही चालत नाही.

कार्यालयाने दिलेल्या मानाबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने पदरात घ्यावं. पहिल्या रांगेकडे मात्र मी क्षमा मागत नाही, तो हक्क मला नाही. सोमवारी त्यांनी मासळी कुठे वाळवायची, हे मला सांगता येत नाही.