राधाकाकूंचा वायसर

तुम्हाला सांगतो, तेव्हा मी हातखंब्याजवळच्या एका गावात मास्तर होतो. युरोपच्या मदतीतून गावाला हातपंप मिळाला होता आणि तिकडचे साहेब तो बघायला आले. दुभाषा मीच.

सरपंच कानात म्हणाले, "गुरुजी, पंप बिघडला होता ते सांगू नका. वरच्या वाडीला मिळायचा पंप हातचा जाईल."

साहेबांनी पंपाची देखभाल करणाऱ्या राधाकाकूंनाच विचारलं, "पंप कसा चालतो?"

काकू म्हणाल्या, "दोनदा बंद पडला. तुमचा वायसर हितं गावत नाय. मी जुन्या चपलेचं चामडं कापून बसवलंय."

सरपंच माझ्याकडे बघत होते. मी शब्द न् शब्द खरा सांगितला. साहेबांनी पंप हापसला, पाणी आलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि गेले.

चार महिन्यांनी वरच्या वाडीचा पंप आला. सोबत पान्यांची पेटी होती आणि तिच्यावर नाव होतं राधाकाकूंचं.