उंबरठ्यात आडवी आजी

नारीन शहरातल्या दवाखान्यात रांगेतली बुरमाकान आजी शेजारणीला सांगत होती.

"कुणाचा विश्वास बसणार नाही बघ! नातवानं लग्नासाठी पोरगी पळवून आणली, तेव्हा ती परत जाऊ नये म्हणून मी उंबरठ्यात आडवी पडले. म्हातारीला ओलांडलं की शाप लागतो, ठाऊक आहे ना?"

"मग रडली असेल बिचारी!"

"कसली रडते! म्हणाली, 'आजी, मुलीच्या होकाराशिवाय लग्न नाही, असा जगातल्या देशांनी करार केलाय. आपल्या देशानंही सही केलीय. शाप कुणाकुणाला देणार?'"

"अगं बाई! एवढ्या देशांना?"

"काय पोरगी होती! मी आपणहून उठले, वाट दिली, वर तिचे बूटही पुसून दिले."

मागून एक तरुण बाई हसली.

"खोटं, आजी! तुम्ही कुठे उठलात? मी तुम्हाला ओलांडून अनवाणीच पळाले!"