आणखी म्हणजे काय?

नाही, पण मला एक सांगा, आणखी म्हणजे काय? चार गोष्टी नावानिशी सांगायच्या आणि पुढे तीन टिंबं देऊन 'आणखी बरेच' म्हणून मोकळं व्हायचं, ही काय पद्धत झाली? आम्ही जन्मभर कारकुनी केली, आमच्याही कचेरीत 'इतर' नावाचं एक कपाट होतं, नाही असं नाही, ते उघडायची कोणाची छाती नव्हती हेही खरं, पण कपाटाला निदान दार होतं. इथे दारही नाही. तीन टिंबं.

तुम्हाला सांगतो, हे सगळं ताईवरून निघालं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. परगावी एकटी राहते, आणि आमच्याकडे चल म्हटलं की म्हणते, "घर कोण सांभाळणार रे, धाकट्या?" माझे दात पडले तरी मी धाकट्याच. तिच्या काळजीपोटी आमच्या सूनबाईंनी आपल्या कंपनीची एक डबी तिच्या भिंतीवर बसवून दिली. डबी हालचाल टिपते, आवाज टिपते, आणि ताई कशी आहे ते माझ्या मोबाइलवर हिरव्या अक्षरांत उमटतं: ठीक. सकाळी ठीक, दुपारी ठीक. आणि इकडे ताई कित्येक दिवस फोन उचलेना. घंटी वाजते, वाजते, वाजून वाजून दमते... मोबाइल म्हणतो ठीक. ताईचे शेजारी नेमके गावाला गेलेले. आमची ही म्हणाली, "ठीक आहेत म्हणतंय ना, मग झालं तर." हिला लग्नापासून सगळंच ठीक वाटत आलंय, एक मी सोडून.

पण माझं काही समाधान होईना. सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करत होती, तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "हे 'ठीक' कोण ठरवतो, मला दाखव."

"बाबा, तुम्हाला कळायचं नाही."

"न कळणारे कागद वाचण्याचाच मला पगार मिळायचा. दाखव."

दाखवलं बिचारीने. पडद्यावर तिचा प्रोग्राम, रंगीत अक्षरांची रांगच रांग. त्यातल्या एका शब्दावर तिने बाण नेऊन ठेवला तर शेजारी छोटी चौकट उघडली. म्हणाली, "ही या शब्दाची व्याख्या. माणसाची स्थिती म्हणजे काय काय असू शकतं, ते इथे येतं. ठीक, किंवा झोपेत, किंवा बाहेर, किंवा मदत हवी, किंवा..."

"किंवा?"

"टिंबं. आणखी आहेत. यादी लांब झाली की एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं हे सॉफ्टवेअर, ती कापतो आणि 'आणखी इतके' म्हणून सांगतो."

"आणखी म्हणजे काय?"

"तो दुसऱ्या गटाचा भाग आहे, बाबा. आम्ही फक्त मोबाइलवर दाखवायचं बघतो."

"मग त्या आणखीतलं काही आलं, तर मोबाइलवर काय दाखवता?"

ती खाली-वर सरकून शोधायला लागली, आणि सापडल्यावर तीच ओळ तिने पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "ठीक दाखवतो."

"हे कोणी ठरवलं?"

"मी. म्हणजे साहेब म्हणाले होते, लोकांना उगाच घाबरवायचं नाही."

बघा, म्हणजे माझी बहीण जिवंत आहे की नाही याचं उत्तर तीन टिंबांच्या मागे, आणि तीन टिंबांच्या पुढे हिरव्या अक्षरांत साहेब. मी म्हटलं, उघड ते. सगळं उघड. ती म्हणाली एक सेटिंग असते, एक ओळ लिहिली की एडिटर काही गाळत नाही, जे आहे ते अख्खं दाखवतो. मी म्हटलं, मग ही ओळ लोक आधीच का लिहीत नाहीत? तर म्हणाली, "कोणाला वाचायचं असतं, बाबा?"

तिने ओळ लिहिली, आणि पुन्हा त्या शब्दावर बाण ठेवला.

काय सांगू तुम्हाला, चौकट उघडली ती उघडतच गेली. पडद्याच्या तळापर्यंत आली आणि तिथून पुढे सरकवत न्यावी लागली. सगळं इंग्रजीत, शब्दाला शब्द चिकटवलेले, सूनबाई एकेक सोडवून मराठीत सांगत होती. सुरुवातीला हसत होती. "पडली, उठली. टीव्हीशी भांडते. रुसून बसली." मी म्हटलं, ही ताईच. "कुलूप बाहेरून, पावलं आत..." इथे हसू थांबलं. "घरात कोणी नाही, नळ चालू. घरात कोणी नाही, खोकला." मग आवाज अगदी खाली. "तीच व्यक्ती, दोनदा."

भर दुपार होती हो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिच्याकडे आम्ही दोघांनी असं पाहिलं की ती म्हणाली, "काय झालं? मीच आहे."

सूनबाईने ती व्याख्या लिहिणाऱ्या माणसालाच फोन लावला. कंपनीतला जुना, मुरलेला गडी. फोनवर काहीतरी खात होता.

"तीच व्यक्ती दोनदा? हो, आहे ते. आपणच घातलंय."

"पण का?"

"अगं, बऱ्याच घरांतून यायला लागलं. आधी चूक म्हणून टाकून द्यायचो, तर परत यायचं. डब्या बदलल्या, तरी यायचं. मग नाव दिलं. नाव दिलं की प्रोग्राम तक्रार करत नाही."

"पण म्हणजे तिथे नक्की असतं काय?"

"ते आपल्या कामात येत नाही," म्हणाला, आणि पुन्हा खायला लागला.

ही यांची कामाची रीत, बरं का. जे कळत नाही त्याला नाव द्यायचं, नाव व्याख्येत घालायचं, आणि व्याख्या लांबली की एडिटर ती आपोआप टिंबांमागे झाकतो. मी विचारलं, "आमच्या ताईचं आत्ता काय येतंय?" तिने बोटांनी खटखट केलं. उत्तर मला तिच्या चेहऱ्यावरच वाचता आलं. म्हटलं, फोन लाव ताईला, उचलेपर्यंत लाव.

आणि उचलला.

"अगं, इतके दिवस फोन का उचलत नव्हतीस?"

"मला वाटलं, ती उचलेल."

"ती कोण?"

"मी."

तुम्ही काय विचारलं असतं हो यापुढे? मी विचारलं, "जेवलीस का?" घाबरलेला माणूस जेवणावर येतो.

"मी जेवले. तिला भूक नसते."

तेवढ्यात मागे भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि ताईच्याच आवाजात कोणीतरी विचारलं, "कोण आहे गं?" ताई म्हणाली, "धाकट्या." तर तो आवाज म्हणतो, "मग आटप लवकर, बोलत सुटेल तो."

मी म्हटलं, "ताई, तू आत्ताच्या आत्ता आमच्याकडे चल, मी येतो न्यायला." इतकी वर्षं नाही म्हणणारी बाई, म्हणाली, "ये. आता घराची काळजी नाही."

चिरंजीवांना गाडी काढायला लावली. पोहोचलो तेव्हा ताई पिशवी घेऊन दारातच उभी होती. मी म्हटलं, "कुलूप?" म्हणाली, "आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावतात का रे?" गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं नाही. चिरंजीवांनी आरशात पाहिलं, आणि हात वर करून आरसाच फिरवून टाकला.

आता ताई आमच्याकडे असते. उत्तम आहे, जेवते, हिच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. तिकडच्या डबीचं काय, म्हणून सूनबाईला विचारलं. तिने बघितलं. "बाबा, आता ठीक येतंय. खरंखुरं ठीक. घरात एक व्यक्ती." आणि तिने ती सेटिंगची ओळ खोडून टाकली, पुन्हा टिंबं आली. आणखी म्हणजे काय, हे विचारायची हौस फिटली माझी.

रोज संध्याकाळी ताई आपल्या घरी फोन लावते. पहिल्या घंटीला उचलला जातो. तासभर चालतं दोघींचं. आमच्याकडे आलीय ती कोणती आणि तिकडे राहिलीय ती कोणती, हे मला कसं कळावं? काल दाराआड उभा राहून ऐकलं. माझ्याविषयी बोलणं चाललं होतं. एकीने सुरू केलेलं वाक्य दुसरी पुरं करत होती, आणि शब्दाचाही मतभेद नव्हता. मग मी शोध सोडला. कोणती का असेना, बहीण माझीच आहे.