तीन नंबरची जागा

वहिनी : आधी ती मोटार बंद करा भाऊजी. घसा फोडून सांगायची ताकद नाहीये माझ्यात.

भाऊजी : केली. या बाजूला या, या कानानं येतं ऐकू. बसा, त्या तारांची गुंडाळी सरकवा खाली. आता सांगा.

वहिनी : तोफखान्यात डिटॅचमेंट म्हणजे किती माणसं असतात? शंभर तरी असतीलच ना?

भाऊजी : कशाला विचारताय?

वहिनी : मी विचारलंय त्याचं उत्तर द्या.

भाऊजी : शंभर कुठली? एका तोफेची माणसं, तेवढीच डिटॅचमेंट. सहा, फार तर सात. पण तिथं माणसं म्हणत नाही कुणी. प्रत्येकाला नंबर असतो. एक नंबर हुकूम देतो, दोन नंबर तोफेचं दार उघडतो-लावतो, तीन नंबर...

वहिनी : नेम धरतो. माहितीये. आपला टिल्लू तीन नंबर आहे.

भाऊजी : झालंय काय वहिनी? तोंड पांढरं पडलंय तुमचं.

वहिनी : त्याचा तो मित्र आहे ना, दारूगोळ्याची गाडी चालवणारा, त्याचा फोन आला होता. टिल्लूचा फोन आलाय का, एवढंच विचारत होता आधी. मी म्हटलं, तू का विचारतोस? तर ततपप करायला लागला. मग मी हात धुऊन मागेच लागले त्याच्या.

भाऊजी : मग?

वहिनी : वायरलेसवर आलं म्हणे, टिल्लूच्या तोफेच्या डिटॅचमेंटचा तीन नंबर गेला. नाव नाही सांगितलं.

भाऊजी : नावं घेत नाहीत वायरलेसवर.

वहिनी : नाव कशाला लागतंय? सहा माणसांत तीन नंबर एकच असणार ना? इथवर कशी आले, मला माहीत नाही. सूनबाईला काही बोलले नाही. ती बाळाचे कपडे वाळत घालत होती, तिला म्हटलं, मिक्सर दुरुस्त झाला का बघून येते.

भाऊजी : मिक्सर तर झालाय.

वहिनी : जळो तो मिक्सर!

भाऊजी : वहिनी, पाणी घ्या. घ्या म्हणतो ना. आणि नीट ऐका. नंबर माणसाला चिकटलेला नसतो, जागेला असतो. एखादा पडला की मागचे पुढे सरकतात. ज्या जागेवर बसला, तो त्याचा नंबर. सकाळचा चार नंबर दुपारी तीन असू शकतो. आम्ही हे इतक्यांदा घोटलंय की झोपेत उठवलं असतं तरी सरकलो असतो.

वहिनी : म्हणजे टिल्लू तिथून सरकला असेल?

भाऊजी : असू शकतो. वरचा कुणी जखमी झाला असेल, आजारी पडला असेल, तर हा वर गेला असेल.

वहिनी : आणि याच्या जागी दुसरा कुणी बसला असेल.

भाऊजी : हो.

वहिनी : देवा, तसंच झालेलं असू दे. दुसराच कुणी... काय बोलतेय मी हे? त्यालाही आई असेल ना हो?

भाऊजी : असेल.

वहिनी : तरी तेच मागतेय मी. जीभ झडत कशी नाही माझी! तुम्हीच सांगितलं होतं त्याला, तोफखाना बरा, तोफा मागं असतात.

भाऊजी : मागंच असतात. पण समोरच्याकडेही तोफा असतात. तेवढं मी बोललो नव्हतो.

वहिनी : तीन नंबरलाच का लागतं? बाकीच्यांना का नाही?

भाऊजी : सगळ्यांनाच लागतं. पण गोळा येतोय असं कळलं की बाकीचे जमिनीला चिकटतात. नेम धरणाऱ्याचा डोळा भिंगाला असतो. तो हलला की नेम गेला. म्हणून तो वाकायला उशीर करतो.

वहिनी : नका सांगू. पुरे.

भाऊजी : तुमच्या हातातला फोन वाजतोय वहिनी.

वहिनी : कुणाचा आहे बघा. मला दिसत नाहीये. उचलवत नाहीये मला. फौजेच्या ऑफिसातला असेल तर? साहेब लोक असेच फोन करून सांगतात ना?

भाऊजी : द्या इकडे. स्पीकरवर टाकतो. हॅलो? कोण बोलतंय?

टिल्लू : काका? तुम्ही कसे? आई कुठंय?

वहिनी : टिल्लू! अरे माझ्या सोन्या! कुठं लागलंय का तुला? खरं सांग हं!

टिल्लू : नाही गं. कान वाजतायत नुसते. दुसऱ्याचा फोन आहे, पटकन बोल.

वहिनी : मग ते तीन नंबर...

टिल्लू : तुला कुणी सांगितलं? आई, तो चष्मेवाला. आमच्यातला नवीन. आमच्या एक नंबरला तापानं मागं नेलं, म्हणून मी एक नंबर झालो. याचा हात चांगला होता. मीच बसवलं त्याला तिथं.

वहिनी : तू मुद्दाम केलंस का बाळा? नियमच आहे तसा. काका आत्ताच सांगत होते.

टिल्लू : वाक म्हणून ओरडलो मी. त्याला ऐकूच गेलं नाही.

भाऊजी : टिल्लू, डिटॅचमेंट किती आहे आता?

टिल्लू : चौघं, काका.

भाऊजी : चौघांत चालते तोफ. आम्ही चालवलीय. पण भिंगाला कोण आहे?

टिल्लू : आई ऐकतेय का काका?

भाऊजी : ऐकतेय. नेमाला कोण बसलंय?

टिल्लू : दुसऱ्या कुणाला नेम येत नाही काका. हुकूमही मी तिथूनच देतो. ठेवतो आता. बोलावतायत. आई, हिला सांग, मी बरा आहे.

वहिनी : टिल्लू! अरे, थांब की जरा! ठेवला त्यानं.

भाऊजी : ठेवला.

वहिनी : भाऊजी, वाचला ना हो तो? मला आनंद व्हायला हवा ना?

भाऊजी : चला, मी येतो घरापर्यंत. मिक्सर घेतो हातात. सूनबाईला सांगा, त्याचा आवाज ऐकला म्हणून.

वहिनी : ती खोदून विचारते सगळं. कितव्या नंबरवर आहे म्हणाली तर?

भाऊजी : एक म्हणून सांगा.